पडद्यावरचा गुलाम आणि वहीतला गुलाम : वाचकांचे प्रश्न

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. चित्रपट पाहून गुलामगिरीचा इतिहास कितपत कळतो, असा या सर्व पत्रांचा सूर आहे. माझे मत आरंभीच सांगतो. चांगल्या चित्रपटातून गुलामाचा एक दिवस कळतो, आणि तो कळणे ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु तो दिवस ज्या हिशेबावर, ज्या कायद्यावर आणि ज्या बाजारावर उभा होता, ते सारे बहुधा पडद्याबाहेर राहते. त्यासाठी जुन्या कागदांकडेच वळावे लागते.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. अमेरिकेतील गुलामगिरीचा भाग शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ वर्गात दाखवावा, असे मनात आहे. इतिहास म्हणून तो भरवशाचा आहे का?

उत्तर : बराचसा भरवशाचा आहे, मात्र वर्गात तो पूर्ण दाखवू नये, असे मी सुचवीन. त्यातील मारहाण आणि स्त्रीवरील अत्याचार मोठ्या माणसांनाही पाहवत नाहीत, आणि अमेरिकेतही १७ वर्षांखालील मुलांना तो पालकांशिवाय चित्रपटगृहात पाहता येत नाही.

स्टीव्ह मॅक्वीन यांनी २०१३ मध्ये केलेला हा चित्रपट सॉलोमन नॉर्थअप यांच्या आत्मकथनावर आधारलेला आहे. नॉर्थअप हे न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्ज येथे राहणारे, जन्मापासून स्वतंत्र असलेले, व्हायोलिन वाजवणारे कृष्णवर्णीय गृहस्थ. १८४१ मध्ये सर्कशीत वादनाचे काम देतो असे सांगून दोघांनी त्यांना वॉशिंग्टनला नेले आणि तिथे ते अचानक आजारी पडले. शुद्धीवर आले तेव्हा हातापायांत बेड्या होत्या. पुढे त्यांना जहाजाने न्यू ऑर्लिन्सला नेऊन विकले गेले. लुइझियानातील मळ्यांवर ‘प्लॅट’ या लादलेल्या नावाने बारा वर्षे काढल्यावर जानेवारी १८५३ मध्ये त्यांची सुटका झाली आणि त्याच वर्षी, डेव्हिड विल्सन या वकिलाने त्यांच्या सांगण्यावरून शब्दांकन केलेले, त्यांचे पुस्तक निघाले.

आपल्या विद्यार्थ्यांना मी यातील एकच प्रसंग दाखवीन, तो म्हणजे संध्याकाळी कापसाचे वजन करण्याचा. दिवसभर वेचलेला कापूस टोपल्यांत घेऊन स्त्री-पुरुष रांगेने उभे आहेत, एकेक टोपली काट्याला लागते आहे, देखरेख करणारा माणूस आकडा मोठ्याने सांगतो आहे, आणि आकडा कमी भरला की त्या माणसाला बाजूला काढून बाहेर नेतात. नॉर्थअप यांच्या पुस्तकात या प्रसंगाचा पुरता हिशेब दिलेला आहे. साधारण दिवसाचे माप २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी चाबकाच्या धाकाने जमेल तितक्या वेगाने वेचायला लावायचे आणि रात्री जे वजन भरेल ते त्याचे कायमचे माप धरायचे. म्हणून वजनाला जाताना दोन्हीकडून भीती असे: कमी भरले तर फटके, आणि जास्त भरले तर उद्यापासून तेवढेच रोज भरावे लागणार. पॅट्सी नावाची तरुण स्त्री दिवसाला ५०० पौंड वेचत असे, असे नॉर्थअप सांगतात, आणि मळ्यातील सर्वांत कुशल वेचणी करणाऱ्या याच बाईच्या वाट्याला सर्वांत भयंकर छळ आला.

९० किलो कापूस म्हणजे किती, हे मुंबईतल्या वर्गाला समजावून सांगावे लागेल. आपल्या वर्गात ती अडचण येणार नाही, कारण आपल्याकडील कितीतरी मुलांच्या आया वेचणीला जातात. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटे कशी सोलतात, हे त्या मुलांनी घरी पाहिलेले असते. त्यांना घरी विचारून यायला सांगा की एक बाई दिवसाला किती किलो वेचते, आणि मग हा प्रसंग दाखवा. फरकही तिथेच स्पष्ट करावा: आपल्याकडची मजूर बाई किलोच्या भावाने पैसे घेते आणि भाव पटला नाही तर दुसऱ्या शेतावर जाऊ शकते. पॅट्सीला यांतले काहीच शक्य नव्हते, कारण ती स्वतःच मालकाच्या मालमत्तेच्या यादीत होती.

ही यादी मी शब्दशः म्हणतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात थॉमस ॲफ्लेक या गृहस्थाने कापसाच्या मळेवाल्यांसाठी छापील हिशेबवह्या काढल्या होत्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या चांगल्या खपल्या. त्यांत प्रत्येकाच्या नावापुढे रोजच्या वेचणीचे वजन लिहिण्याचे रकाने असत, आणि दुसऱ्या एका पानावर प्रत्येक गुलामाचे नाव, वय, वर्षारंभीची किंमत आणि वर्षअखेरची किंमत. आपण बैलाची किंवा यंत्राची किंमत धरतो तशी माणसाची किंमत वर्षाच्या शेवटी वाढवून किंवा घटवून मांडलेली असे. अशी वही चित्रपटात दिसत नाही. काट्यावरचा आकडा ऐकू येतो, पण तो आकडा पुढे कुठे लिहिला जातो हे कळण्यासाठी त्या वहीचे पान मुलांसमोर ठेवावे लागेल. फळ्यावर रकाने आखूनही ते करता येईल.

मूळ पुस्तकापासून चित्रपट कुठे दूर गेला आहे, तेही सांगितले पाहिजे. जहाजावरील प्रवासात रॉबर्ट नावाचा कैदी एका स्त्रीच्या बचावासाठी मध्ये पडतो आणि खलाशी त्याला भोसकतो, असे चित्रपटात आहे. पुस्तकातील रॉबर्ट देवीच्या रोगाने दगावतो. मला हा बदल पटत नाही. गुलाम ही पैसे मोजून आणलेली मालमत्ता होती आणि खलाशाने ती सहजासहजी नष्ट केली नसती. क्रौर्य होते, पण ते नफ्याला धरून होते, ही गोष्ट त्या प्रसंगामुळे झाकली जाते. शेवटचा भाग मात्र फार विचाराने केला आहे. नॉर्थअप यांची गाडी निघते तेव्हा पॅट्सी मागे राहते आणि धूसर होत जाते. सुटका एका माणसाची झाली. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेतील गुलामांची संख्या ३९ लाख ५० हजारांहून अधिक होती. आणि सुटका होऊनही न्याय मिळाला नाही: ज्या व्यापाऱ्याने त्यांना वॉशिंग्टनमध्ये डांबले त्याच्यावर खटला झाला तेव्हा नॉर्थअप यांना साक्ष देता आली नाही, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे कृष्णवर्णीय माणसाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नव्हती.

प्रश्न : तरुणपणी पुण्यात आम्ही ‘गॉन विथ द विंड’ तीनदा पाहिला. त्यातले नोकर मालकिणीवर जीव टाकणारे, घरच्यासारखे वाटले होते. आता नातू म्हणतो की तो चित्रपट खोटा आहे. एवढ्या सुंदर चित्रपटाला खोटे म्हणावे का?

उत्तर : गुलामगिरीपुरते बोलायचे तर म्हणावे. कथा जॉर्जिया राज्यातली आहे. अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या आदल्या वर्षी, १८६० मध्ये, त्या राज्यात ४ लाख ६२ हजार गुलाम होते, म्हणजे दर १०० रहिवाशांमागे जवळजवळ ४४. एवढ्या माणसांना केवळ मायेने कामाला जुंपून ठेवता येत नाही. त्यासाठी गस्ती पथके, परवान्याच्या चिठ्ठ्या, पळून गेलेल्यांच्या मागावरचे कुत्रे आणि मुलाबाळांना दूर विकून टाकण्याची धमकी लागते. यांतले काहीही त्या तीन-पावणेचार तासांत दिसत नाही. दिसतो तो एक हरवलेला सोनेरी काळ. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पराभवानंतर आपल्या पूर्वजांबद्दल जी गोष्ट स्वतःला सांगितली, तीच या चित्रपटात रंगीत झाली. त्याआधी १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या मूकपटाने हेच काम अधिक उघड द्वेषाने केले होते. त्यात कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी कु क्लक्स क्लॅन ही टोळी तारणहार म्हणून रंगवली होती, त्याचा खेळ राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी झाला, आणि त्याच वर्षी ॲटलांटाजवळील एका डोंगरावर ही मोडीत निघालेली टोळी पुन्हा स्थापन झाली. चित्रपटाने इतिहास बिघडवला तर त्याची किंमत जिवंत माणसे मोजतात, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याला घरच्यासारखी वाटलेली ‘मॅमी’ साकारणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांच्याबद्दल थोडे सांगतो. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मले आणि यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले. डिसेंबर १९३९ मध्ये ॲटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा जॉर्जियातील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे हॅटी मॅकडॅनियल तिथे जाऊ शकल्या नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण त्या समारंभातही त्यांना सहकलाकारांच्या टेबलावर जागा दिली नव्हती, भिंतीकडेच्या एका वेगळ्या छोट्या टेबलावर बसवले होते. ही हकिगत वाचली तेव्हापासून त्या चित्रपटातले त्यांचे हसणे मला पूर्वीसारखे ऐकू येत नाही.

नातवाशी बोलताना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. हा चित्रपट तयार होत होता त्याच सुमारास, १९३६ ते १९३८ या काळात, अमेरिकी सरकारने बेकार लेखकांना काम देण्याच्या योजनेतून माणसे खेड्यापाड्यांत पाठवली आणि लहानपण गुलामगिरीत गेलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. २,३०० हून अधिक आठवणी जमल्या आणि त्या आज अमेरिकेच्या संसद ग्रंथालयात आहेत, कोणालाही वाचता येतात. विचारणारे बहुतेक गोरे होते आणि सांगणारे त्याच गावात गरिबीत दिवस काढत होते, त्यामुळे पुष्कळांनी जपून बोलणे साहजिक आहे. तरीही आई विकली गेली त्या दिवसाची आठवण, लाकडी डोणीत ओतलेले अन्न मुलांनी शिंपल्याने किंवा हाताने खाल्ल्याची आठवण, या गोष्टी तिथे आहेत. चित्रपट आवडत असेल तर पुन्हा अवश्य पाहा. पाहून झाल्यावर त्या संग्रहातल्या जॉर्जियाच्या चार आठवणी नातवासोबत मोठ्याने वाचा.

प्रश्न : गुलामगिरीवरच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात शेवटी एखादा भला गोरा माणूस येऊन गुलामांना सोडवतो. इतिहासात खरोखर असे घडले होते का? (ठाणे)

उत्तर : असे भले लोक होते, आणि त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण आपल्या मनात आलेली शंका अगदी योग्य आहे, आणि ती पारखण्यासाठी ‘अमिस्ताद’ हा १९९७ चा चित्रपट घ्यावा.

घटना अशी. १८३९ च्या जुलैमध्ये क्यूबाच्या किनाऱ्यालगत ‘अमिस्ताद’ नावाच्या जहाजावरील ५३ आफ्रिकी कैद्यांनी उठाव करून जहाज ताब्यात घेतले. त्यांचा पुढारी सेंगबे पिए. जहाज मायदेशी वळवा असे त्यांनी जिवंत ठेवलेल्या स्पॅनिश मालकांना बजावले. मालकांनी दिवसा पूर्वेकडे आणि रात्री गुपचूप उत्तरेकडे जहाज हाकत ते अमेरिकेच्या किनाऱ्याला आणले. मग तुरुंग, खटले, आणि मार्च १८४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा त्यांच्या बाजूने निकाल. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्यांच्या वतीने युक्तिवाद केला, हे खरे आहे. मॉर्गन फ्रीमन यांनी साकारलेले कृष्णवर्णीय कार्यकर्त्याचे पात्र मात्र काल्पनिक आहे. बॉल्डविन हा कैद्यांचा वकील चित्रपटात धडपड्या, फाटका तरुण दाखवला आहे. प्रत्यक्षात तो नामांकित, गुलामगिरीविरोधी वकील होता आणि पुढे कनेटिकटचा गव्हर्नर झाला.

मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. कैद्यांची भाषा कोणालाच कळत नव्हती. येल विद्यापीठातील जोसाया गिब्ज या भाषेच्या प्राध्यापकाने तुरुंगात जाऊन बोटे दाखवत त्यांच्याकडून एक ते दहा हे आकडे शिकून घेतले आणि मग न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर, खलाशांच्या गर्दीत, ते आकडे मोठ्याने म्हणत तो हिंडला. जेम्स कोव्ही नावाच्या एका तरुण आफ्रिकी खलाशाने ते ओळखले: ते पश्चिम आफ्रिकेतील मेंदे भाषेतले आकडे होते. कोव्ही स्वतः लहानपणी पकडून विकला गेला होता आणि ब्रिटिश आरमाराने त्याला सोडवले होते. तो दुभाषा झाला आणि तेव्हा कुठे ही माणसे न्यायालयात स्वतःची हकिगत सांगू शकली. चित्रपटात धक्क्यावर आकडे म्हणत फिरण्याचे काम वकील आणि तो काल्पनिक सहकारी करतात. तुरुंगात इंग्रजी शिकलेल्या काले नावाच्या मुलाने ॲडम्स यांना जे पत्र लिहिले, त्यालाही माझ्या दृष्टीने पडद्यावर मोठी जागा हवी होती. त्यात तो विचारतो की आम्हाला अमेरिकेची भाषा येत नाही म्हणून लोक आम्हाला मठ्ठ म्हणतात. अमेरिकेच्या लोकांना मेंदे येत नाही, तर ते मठ्ठ आहेत का? हा मुलगा कोणी येऊन सोडवण्याची वाट पाहत बसलेला नव्हता.

मग गोरा तारणहारच पुन्हापुन्हा का? चित्रपटाला पैसा लागतो आणि पैसा लावणारा आपल्या प्रेक्षकाला पडद्यावर शोधतो. हैतीतील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला, फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटन या तिघांच्या सैन्यांना तोंड दिले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचे राष्ट्र जाहीर केले. जगाच्या इतिहासात गुलामांच्या उठावातून उभे राहिलेले असे दुसरे राष्ट्र नाही. या लढ्याचे नेते तूसाँ लूव्हेर्त्यूर यांच्यावर चित्रपट करण्यासाठी अभिनेते डॅनी ग्लोव्हर यांनी अनेक वर्षे खटपट केली. निर्माते आपल्याला यात गोरे नायक कुठे आहेत असे विचारतात, असे त्यांनी २००८ मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

आणखी एक विषमता ध्यानात ठेवावी. अटलांटिक महासागर ओलांडून सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबले गेले. त्यांतील सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत पोहोचली. यांपैकी आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थेट उतरवलेली माणसे ४ लाखांच्या आतली, तर एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास. आपण पाहतो ते चित्रपट मात्र बहुतेक अमेरिकेचे. म्हणून मिळाला तर क्यूबातील दिग्दर्शक तोमास गुतिएर्रेझ आलेआ यांचा ‘शेवटचे जेवण’ हा १९७६ चा चित्रपट आवर्जून पाहावा. त्यात उसाच्या मळ्याचा धार्मिक मालक पवित्र सप्ताहात १२ गुलामांना आपल्या टेबलावर जेवू घालतो, ख्रिस्ताप्रमाणे त्यांच्यासमोर नम्र होतो, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळावी एवढे त्यांनी मागताच काय होते, ते मी इथे सांगत नाही. सेनेगलचे उस्मान सेंबेन यांचा ‘चेड्डो’ (१९७७) हाही असाच, आफ्रिकेच्या आतून पाहणारा. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकी सत्ताधाऱ्यांचा जो हात होता, तो दाखवायला ते कचरत नाहीत.

प्रश्न : ‘जँगो अनचेन्ड’ हा इतिहास समजून पाहता येईल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : नाही. कथा १८५८ मध्ये सुरू होते आणि त्यात डायनामाइटचे स्फोट आहेत, जे नोबेल यांनी १८६७ मध्ये पेटंट केले. गुलामांना मरेपर्यंत एकमेकांशी लढवण्याचा जो खेळ त्यात दाखवला आहे, त्याला कागदोपत्री आधार नाही. सूडाची कल्पनारम्य कथा म्हणून ती पाहावी. त्यातील गुलामांच्या अंगावरचे लोखंडी पट्टे आणि तोंडाला घातलेले मुखवटे मात्र कल्पित नाहीत. अशी साधने संग्रहालयांत जपलेली आहेत.

प्रश्न : आम्ही मुरूडजवळ राहतो. जंजिऱ्याच्या शिद्द्यांचा इतिहास लहानपणापासून ऐकत आलो. अमेरिकेतील गुलामांवर एवढे चित्रपट निघतात. आपल्याकडे आलेल्या हबशांवर, आपल्याकडच्या गुलामगिरीवर काही का दिसत नाही?

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला समाधान वाटले, कारण हा विषय निघाला की आपण फार लवकर दूरदेशी जातो.

अरबी समुद्र आणि हिंदी महासागरातून आफ्रिकी माणसांना विकण्याचा व्यापार अटलांटिकच्या व्यापारापेक्षा कितीतरी जुना आहे. त्याची रीतही वेगळी होती. मळ्यावर राबवण्यापेक्षा सैन्यात, आरमारात, घरकामात आणि दरबारात माणसे घेतली जात, आणि लष्करातल्या गुलामाला वर चढता येत असे. मलिक अंबर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा विकला गेला, बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले, पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. आणि हा चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच. मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झालेला अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले, खडकी वसवली, जिला आपण पुढे औरंगाबाद म्हणू लागलो, आणि १६२६ मध्ये तो वारला. अशी उदाहरणे सांगताना एक सावधगिरी बाळगावी. वर चढलेल्या एकाची गोष्ट उरते. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या बाकीच्यांची उरत नाही. हिंदी पडद्यावर ‘रझिया सुलतान’ (१९८३) मध्ये याकूत हा हबशी सरदार आला, पण ती भूमिका धर्मेंद्र यांनी चेहरा काळा रंगवून केली, आणि गोष्ट प्रेमकथेपुरती राहिली.

गोव्याचे चित्र आणखी उघडे आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाने तिथल्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. त्यात घोडे, दागिने, कापड आणि गुलाम स्त्री-पुरुष एकाच ठिकाणी विकले जात. पोर्तुगीज मोझांबिकहून माणसे आणत. उत्तर कर्नाटकाच्या जंगलभागात, यल्लापूर-हळियाळकडे राहणाऱ्या शिद्दी समाजातील पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून निसटून तिथे गेले, असे मानले जाते.

आणि आपल्याच घरातले सांगायचे तर पेशवाईतील कुणबिणी. हा शब्द आज कानावर पडला तर जातीचा वाटतो. त्या काळच्या कागदांत त्याचा एक अर्थ विकत घेतलेली दासी असा आहे. पेशवे दफ्तरात त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किल्ल्यांवर आणि कोठ्यांत त्यांना कामाला लावल्याच्या नोंदी आहेत. पेशवाईवरचे चित्रपट आणि मालिका आपण आवडीने पाहतो. त्यात नायिकेच्या मागून समई घेऊन जाणाऱ्या, पाणी ठेवणाऱ्या बायका येतात-जातात, कोणी त्यांना नाव देत नाही. यांतली एखादी किती रुपयांना घेतली होती, हे सांगणारा कागद दफ्तरात सापडू शकतो. तिच्यावर पटकथा लिहिणारा कोणी अजून निघालेला मी पाहिलेला नाही, आणि तो निघावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कायद्याचेही दोन शब्द. ब्रिटिश संसदेच्या लढ्यावरचा ‘ॲमेझिंग ग्रेस’ (२००६) हा लहान मुलांसोबतही पाहता येण्याजोगा चित्रपट आहे. त्यात १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली त्याचा उत्सव आहे. पुढे १८३३ मध्ये ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा झाला, तेव्हा मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले आणि गुलामांना काहीच मिळाले नाही. त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. आपल्याकडे १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानू नये एवढे ठरले, आणि माणूस विकणे-विकत घेणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती निग्रो गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, असे तिथे लिहिले. अमेरिकेत गुलामगिरी संपल्याला तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. एवढ्या लांबचा लढा त्यांनी आपल्या अंगणातल्या प्रश्नाला कसा जोडला, हे ती अर्पणपत्रिका वाचून पाहावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीसोबत ‘लिंकन’ पाहिला. शेवटी मतदान होते, घंटा वाजतात आणि ती म्हणाली, संपली गुलामगिरी. मला तिला आणखी काहीतरी सांगायचे होते, पण सुचले नाही.

उत्तर : २०१२ चा हा चित्रपट मतांची जुळवाजुळव उत्तम दाखवतो. ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली, हे बरोबर आहे. कनेटिकटच्या दोन प्रतिनिधींना मात्र त्यात विरोधात मत देताना दाखवले आहे, प्रत्यक्षात चौघांनीही बाजूने मत दिले होते. त्याच राज्याच्या एका खासदाराने हरकत घेतल्यावर पटकथाकाराने हा बदल कबूल केला. याहून मोठी उणीव अशी की गुलामगिरीतून निसटून पुढे तिच्याविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस त्यात कुठेच नाहीत. आणि गॅलरीत शांत बसलेली, लिंकनबाईंची शिवणकाम करणारी एलिझाबेथ केक्ली हिने स्वतःचे आणि मुलाचे स्वातंत्र्य १,२०० डॉलर देऊन विकत घेतले होते आणि वॉशिंग्टनमध्ये आलेल्या सुटलेल्या गुलामांसाठी संस्था काढली होती, हे चित्रपटावरून कळत नाही.

मुलीला आपण राहता त्या राज्याची गोष्ट सांगा. उत्तरेकडील राज्यांत गुलामगिरी सर्वांत शेवटी संपवणारे राज्य न्यू जर्सी होते. १८०४ मध्ये तिथे टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा झाला. पण तो इतका संथ होता की १८६० च्या जनगणनेतही त्या राज्यात १८ गुलाम नोंदलेले आहेत. मार्च १८६५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ही घटनादुरुस्ती चक्क फेटाळली, आणि ती मान्य केली जानेवारी १८६६ मध्ये, देशभर ती लागू झाल्यानंतर. दुसरी गोष्ट मिसिसिपीची. तिथले भारतीय वंशाचे एक प्राध्यापक हाच चित्रपट पाहून घरी आले आणि पुढे कोणत्या राज्याने कधी मान्यता दिली, हे शोधू लागले. मिसिसिपीने १९९५ मध्ये ठराव केला होता, पण तो वॉशिंग्टनला रीतसर कळवलाच नव्हता. त्यांनी आणि एका सहकाऱ्याने पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती नोंद पूर्ण झाली. चित्रपट पाहून इतिहास शिकावा तो असा, असे मला वाटते. मुलगी थोडी मोठी झाली की त्या घटनादुरुस्तीचे मूळ वाक्य तिच्यासोबत वाचा. त्यात गुन्ह्याची शिक्षा म्हणून लादलेली सक्तीची मजुरी वगळलेली आहे. युद्धानंतर दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय माणसांना क्षुल्लक आरोपांवरून पकडून खाणींत आणि मळ्यांत भाड्याने दिले गेले, ते याच वाटेने. एव्हा डुव्हर्ने यांचा ‘थर्टीन्थ’ (२०१६) हा माहितीपट याबद्दल आहे.

आपल्याला वॉशिंग्टन फार दूर नाही. तिथे २०१६ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहास आणि संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले आहे. ते पाहून झाले की ‘नॅशनल मॉल’ या मोठ्या मैदानातून पूर्वेकडे सातव्या रस्त्यापर्यंत चालत जा. यलो हाउस हा गुलाम डांबून ठेवण्याचा वाडा याच रस्त्याला लागून, मैदानाच्या दक्षिण बाजूस होता. सॉलोमन नॉर्थअप यांना शुद्ध आली ती त्याच्या तळघरात. आज तिथे सरकारी कार्यालयांच्या इमारती आहेत. मैदानात परत येऊन मुलीला पूर्वेकडे पाहायला सांगा. समोर अमेरिकी संसदेची इमारत, कॅपिटॉल, दिसते, जिथे ते मतदान झाले. आणि त्या वाड्याच्या आवारातून ते दिसत असे, हे नॉर्थअप यांनी लिहून ठेवले आहे.